झुलाल पहिलवानाची पहिली श्रद्धांजली

धुळ्याच्या अभिमन आबांनी एका जिवंत माणसाला भर यात्रेत श्रद्धांजली वाहिली, आणि ती इतकी झकास वाहिली की लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ही गोष्ट कोणी सांगितली की ऐकणारा आधी हसतो. हसू येण्यासारखी आहेच ती. पण त्या दिवसानंतर आबांना हसताना फारसं कोणी पाहिलेलं नाही, आणि ज्याला श्रद्धांजली वाहिली तो झुलाल पहिलवान तर मुळातच कमी हसायचा. तेव्हा ज्याला हसून घ्यायचं असेल त्यानं इथंच हसून घ्यावं.

अभिमन दगा सोनवणे सरकारी कचेरीत कारकून होते. नोकरी पोटासाठी, जीव मात्र सगळा आखाड्यात. स्वतः एकही कुस्ती खेळले नाहीत. अंगावर मांस असं कधी नव्हतंच, लंगोट बांधून उतरले असते तर समोरच्या मल्लानं दया येऊन हात जोडले असते. पण तरुणपणी एका यात्रेत पुकारणाऱ्याचा घसा बसला आणि कोणीतरी या काटकुळ्या पोराच्या हातात माईक कोंबला. तो मग म्हातारपणापर्यंत सुटला नाही. शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर, चोपडा, जिथं कुस्त्यांची दंगल तिथं आबांचा आवाज. पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत, दुपारी ऊन कलल्यापासून दिवस बुडेपर्यंत ते उभ्यानं बोलत. मंगळवारी जळगावच्या एका दैनिकात त्यांचं ‘आखाड्याकाठी’ हे सदर यायचं. सुरुवातीची वर्षं तो मजकूर पाकिटात घालून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा आणि ड्रायव्हरला चहा पाजायचा, अशी पद्धत होती. मधली कितीतरी वर्षं जळगावच्या रेडिओवर खेळांच्या गप्पाही त्यांनीच मारल्या. सलूनमध्ये दाढी करायला बसलेली माणसं रेडिओवर आबा लागले की न्हाव्याला वस्तरा थांबवायला सांगत.

आबांचा एक हट्ट होता. ते कागद बघून बोलत नसत. कागद बघून बोलतो तो निवेदक कसला, तो तलाठी, असं ते म्हणत. कोणता मल्ल कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, त्यानं कोणाला कोणत्या यात्रेत कोणत्या डावावर पाडलं, हे सगळं तोंडपाठ. दोन माणसांत वाद झाला की तिसरा म्हणायचा, चला, आबाला विचारू. आबांनी सांगितलं की वाद मिटला. त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत असं झालेलं की आबांना सगळे विचारत, आणि आबा कोणालाच काही विचारत नसत. विचारायची सवयच मोडली होती. विचारलं तर समोरचा काय म्हणेल, अरे, आबाला हे ठाऊक नाही? या एका भीतीनं पुढचं सगळं घडवलं.

झुलाल हा नरडाण्याजवळच्या खेड्यातला गडी. दुसऱ्याच्या रानात नांगर धरायचा आणि रविवारी कुस्त्या मारायचा. बोलायला मुखदुर्बळ, पण एकदा का त्यानं समोरच्याच्या मानेला हात घातला की मग सुटका नाही. शिरपूरच्या एका दंगलीत त्यानं इंदूरकडच्या एका नावाजलेल्या मल्लाला ढाक मारून चितपट केलं, आणि आबांनी माईकवरून पहिल्यांदा आरोळी दिली, ‘नरडाण्याचा नांगर चालला हो!’ मंगळवारच्या पेपरात तेच शीर्षक. त्या दिवसापासून झुलालला झुलाल म्हणणारे फक्त त्याच्या घरचे आणि बैल हाकणारा सोबती उरले. बाकी खान्देशाला तो नांगर. यात्रांच्या पत्रकांवर ते नाव ठळक छापलं जाई. त्याच्या पुढं आबा नवे नवे शब्द जोडत आणि झुलाल मान खाली घालून ऐके.

मग गुडघा गेला. दोन यात्रांत झुलाल हरला, तिसऱ्या यात्रेत आलाच नाही. आबा एकदा त्याच्या घरी जाऊन आले, पुन्हा येतो म्हणाले, आणि जायचं राहून गेलं. पहिलवान हरला की त्याच्यावर एक लेख होतो, थकला की अर्धा होतो, घरी बसला की काहीच होत नाही, हे आबांनीच एकदा प्रमिलाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, चहा पिता पिता सांगितलं होतं. सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. आबा निवृत्त झाले, केस गेले, दात गेले, आवाज राहिला. रेडिओचं बोलावणं वयामुळे थांबलं. पेपरातलं सदर क्रिकेटच्या रेट्यात आक्रसत कोपऱ्यात गेलं. तरी माघातल्या भामरपाड्याच्या यात्रेचा माईक त्यांचाच होता. भामरपाडं हे शिरपूरकडचं तापीकाठचं गाव, आणि तिथल्या म्हसोबाच्या दंगलीला अजून दोन जिल्ह्यांची माणसं लोटतात.

त्या माघाच्या आधी आबा एका जुन्या तालमीत गेले होते. तालमीला नवी मॅट मिळाली होती, तिच्यावर लिहायचं होतं. आत भिंतीवर मारुतीचा फोटो, त्याच्या शेजारी जुन्या वस्तादाचा, मग गेलेल्या दोन मल्लांचे, आणि ओळीत शेवटी झुलालचा. तरुणपणी तो तिथंच मेहनत करायचा. पाचही फोटोंना चंदनाचे हार. झालं होतं एवढंच, की दसऱ्याला तालमीतल्या पोरांनी बाजारातून हारांचा एक जुडगा आणला आणि भिंतीवर जेवढे फोटो दिसले तेवढ्यांना घातला. त्यातला कोण गेला आणि कोण आहे, हे त्या पोरांना माहीत असायचं कारणच नव्हतं. झुलाल कोण हेही त्यांना धड माहीत नव्हतं.

आबा शेवटच्या फोटोपुढं थबकले. झुलाल गेला? कधी गेला? प्रश्न अगदी जिभेवर आला. तेवढ्यात एक पोरगा म्हणाला, ‘‘आबा, या सगळ्यांची माहिती तुम्हालाच. आम्हाला कोण सांगणार?’’ आबांनी जिभेवरचा प्रश्न गिळला, फोटोला हात जोडले आणि डोळे पुसत बाहेर आले. ते पाणी खोटं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी प्रमिलाबाईंना सांगितलं, ‘‘आपला झुलाल गेला.’’

‘‘कधी?’’

‘‘झाले काही महिने,’’ आबा म्हणाले. आपण अंदाज सांगतोय हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मानाची कुस्ती लावण्याआधी वर्षभरात गेलेल्या मल्लांची, वस्तादांची नावं घ्यायची आणि लोकांनी उभं राहायचं, असा भामरपाड्याचा रिवाज आहे. त्या वर्षी आबांनी चार नावं पटापट घेतली आणि पाचव्यावर थांबले. ‘‘मंडळी,’’ ते म्हणाले, ‘‘आता जे नाव घेतो ते घेताना माझी जीभ जड झाली आहे.’’ आणि मग ते बोलले. झुलालनं भाकरी फडक्यात बांधून पायी गाठलेल्या यात्रा, जिंकल्यावर आधी हरलेल्याला उठवायला दिलेला हात, फेटा बांधून घेताना लाजून खाली गेलेली मान. गेली काही वर्षं आबांचं बोलणं जरा साचेबंद झालं होतं, त्या दिवशी मात्र जुनं पाणी उसळून आलं. ‘‘आपला नांगर थांबला हो,’’ असं म्हणून त्यांनी लोकांना उभं राहायला सांगितलं. अख्खा माळ उठला. टोप्या उतरल्या. ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले. रसवंतीवाल्यानं चरक बंद केला. लहान पोरंसुद्धा गप्प.

मंगळवारी पेपरात ‘नांगर थांबला’ आलं. बुधवारी सकाळी आबांचा मोबाइल वाजला.

‘‘आबा, मी नवल बोलतोय, झुलाल पहिलवानांचा मुलगा.’’ हा मुलगा नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता आणि अगदी शांतपणे बोलत होता. ‘‘माझ्या वडलांचा दहावा तुम्ही कधी ठेवलाय, तेवढं पेपरात छापून टाका. म्हणजे आम्हाला तयारी करायला बरं.’’

आबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि फोन प्रमिलाबाईंच्या हातात दिला. प्रमिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. ‘‘एवढं विचारलं असतं कोणाला, तर काय जीभ झिजली असती?’’ त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ते नरडाण्याला उतरले आणि रिक्षानं झुलालच्या खेड्यात गेले. पारावरच्या माणसांनी त्यांना ओळखलं आणि कोणी राम राम घातला नाही. आदल्या दिवशी तिथं काय झालं होतं ते त्यांना वाटेतच रिक्षावाल्यानं सांगितलं. झुलालची बहीण कुंदाबाई मुक्ताईनगरला दिलेली. तिच्या जावयानं पेपर वाचला. ती तशीच गाडीत बसून आली आणि रिवाजाप्रमाणे गावाच्या शिवेपासूनच ‘‘मना भाऊ रे!’’ म्हणून टाहो फोडत, ऊर बडवत निघाली. गल्लीतल्या बायांनाही रडू कोसळलं, कारण असा आवाज ऐकल्यावर बाया आधी रडतात, कोण गेलं ते मग विचारतात. झुलाल ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. त्यानं बहिणीला रडत येताना पाहिलं आणि त्याला वाटलं, तिचा नवरा गेला. तोही रडायला लागला. मग कुंदाबाईनं त्याला पाहिलं आणि ती जागीच खाली बसली. तिला अजून सलाईन लावलेलं होतं.

झुलाल ओट्यावरच होता. केवढा गडी, त्याचं पार चिपाड झालेलं. मान तेवढी जुनी राहिली होती. आबा त्याच्या पायाशी बसले. समोरासमोर ते त्याला नानाच म्हणत.

‘‘नाना, मी चुकनू,’’ ते म्हणाले. चारचौघांत प्रमाण मराठी बोलणाऱ्या आबांना त्या ओट्यावर आईची अहिराणी बोली आठवली.

झुलालच्या आधी त्याची बायको तानुबाई बोलली. दारात उभी होती, कपाळावर कुंकू एरवीपेक्षा मोठं. ‘‘मी आजून कुकू लावस,’’ ती म्हणाली. ‘‘माले तुमी बठ्ठा गावसमोर रांडमुंड करी टाकं. बाया मनाकडे देखतस, आनि मन्हं कपाय देखतस. दळनले गयू तठे बी कुजबूज. तुमले काय? तुमी बोली ग्यात.’’

आबांनी मान वर केली नाही.

‘‘पानी आन त्याले,’’ झुलाल म्हणाला. तिनं पाणी आणलं, तांब्या आपटून ठेवला आणि आत गेली.

मग झुलाल जे बोलला ते आबांना शेवटपर्यंत विसरता आलं नाही. ‘‘अभिमन, मी तठेच व्हतू,’’ तो म्हणाला.

‘‘कोठे?’’

‘‘भामरपाडाले. दुसरा गावना ट्रॅक्टर जाई ऱ्हायंता, मी बी बसनू. रसवंतीजोडे उभा व्हतू. कोनी वळखं नई माले. तू नाव लिधं. माले वाटनं, दुसरा कोनी व्हई. मंग तू नांगर म्हना.’’ त्यानं शेंगेतले दाणे सुपात टाकले. ‘‘बठ्ठा उभा राहिनात. मंग मी बी उभा राहिनू.’’

‘‘नाना, तठेच वरडी का नई उठना तू?’’

‘‘कसाले? तू इतलं चांगलं बोली ऱ्हायंता.’’ झुलालच्या सुरात टोमणा नव्हता, म्हणूनच आबांना ते सोसवेना. ‘‘मनाजोडे एक जन रडी ऱ्हायंता. मी त्याले इचारं, तू त्याले वळखस का? तो म्हने, नई, पन आबा सांगी ऱ्हायनात ना. अभिमन, मना बाप मरना तवय कोनी असं बोलनं नई. ऱ्हावू दे आते. पेपरमा, माईकवर काय सांगू नको. लोकेस्ना मनमा मी चांगला मरेल शे. जित्ता सांगशी त हासतीन.’’

पण आतून तानुबाईचा आवाज आला. ‘‘ज्या तोंडे मारं, त्याच तोंडे जित्ता करा. त्याच जागावर, त्याच लोकेस्मा. नई त पुन्हा आठे येवानं नई.’’

आबांनी तिला शब्द दिला. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं हे त्यांना ठरवावंच लागलं नाही, कारण तानुबाईची मागणी त्यांच्या स्वतःच्याच मनातली होती. त्यांचं उभं आयुष्य एका गोष्टीवर उभं होतं, आबा बोलले म्हणजे खरं. ते खोटं ठरलेलं त्यांना सहन होणार नव्हतं. झुलालला हाताला धरून त्या माळावर उभं करायचं आणि आपल्या तोंडानं आपलं बोलणं पुसायचं, एवढंच आता त्यांना करायचं होतं. झुलालला ते नको होतं ही बाब त्यांनी कानाआड केली.

आधी ते जळगावला पेपरच्या कचेरीत गेले. संपादक नवा, पोरगेला, बोलायला गोड. ‘‘आबा, दुरुस्ती छापली तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल. आपलंच हसं,’’ तो म्हणाला. महिन्याभरानं त्याचाच फोन आला, सदराला आता जरा विश्रांती देऊ या. आबा ‘बरं’ म्हणाले. इतक्या वर्षांच्या सदराचा शेवट एका ‘बरं’नं झाला. वाचकांपैकी एकाचंही पत्र आलं नाही आणि फोनही नाही. उलट कोणा उपद्व्यापी माणसानं त्या श्रद्धांजलीचं चित्रण मोबाइलवर काढलेलं, ते शेवटी झुलालचा शेंगा सोलतानाचा फोटो आणि खालून गाढवाचं ओरडणं जोडून गावोगाव फिरलं. आबांच्या नातवानं ते आबांना दाखवलं नाही, पण घरातल्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे हे त्यांच्या चेहऱ्यांवरून आबांना कळत होतं.

पावसाळ्यात झुलालला दम लागायला लागला. छातीत पाणी झालं, पायांवर सूज आली. आबा दर आठ-दहा दिवसांनी जाऊन बसत. केळी नेत, औषधाचं विचारत, डॉक्टरांशी नवलपेक्षा जास्त हेच बोलत. गावाला वाटायचं, काय जीव आहे माणसाचा! पहिलवानासाठी झिजतोय बिचारा. आबांना मात्र रात्री झोप लागत नसे, कारण आपण नेमकं काय मागतोय ते त्यांना ठाऊक होतं. झुलाल जगावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. माघापर्यंत तरी. आपल्या मनातला हा ‘तरी’ त्यांना स्वच्छ ऐकू यायचा आणि स्वतःची किळस यायची, पण तो जात नव्हता. दिवाळीत झुलालला दवाखान्यात ठेवावं लागलं तेव्हा आबांनी मारुतीला नवस बोलला. नवसात त्यांनी झुलालचं नाव घेतलं. मारुतीनं मन वाचलं असेल तर त्याला काय वाटलं असेल, देव जाणे.

पौषात आबा भामरपाड्याच्या यात्रा कमिटीच्या भूषणला भेटले. भूषण कमिटीचा अध्यक्ष, चाळिशीतला, लहानपणी आबांचा आवाज ऐकत वाढलेला. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, ‘‘आबा, राग मानू नका. यंदा नाशिककडचा निवेदक सांगितलाय. त्याची स्वतःची साउंड सिस्टीम आहे. पोरांना तसलं लागतं आता.’’

‘‘मला थोडाच वेळ दे,’’ आबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते माईक मागत होते. ‘‘झुलालला घेऊन येतो. चूक दुरुस्त करतो, उतरतो.’’

भूषणला दया आली. ‘‘देतो की. मानाच्या कुस्तीआधी तुमचं उरकू, मग श्रद्धांजली, मग कुस्ती.’’ हा क्रम आबांना खटकला नाही. भूषणलाही नाही.

झुलाल ‘‘माले नका लई जा,’’ असं तीनदा म्हणाला. तानुबाई ऐकेना, आबा ऐकेनात. शेवटी तो म्हणाला, ‘‘तुमी दोन्ही सांगतस त चालस.’’ नवलनं जीप ठरवली. झुलालला पांढरं धोतर नेसवलं, फेटा बांधला. तानुबाईनं लग्नातली नसली तरी तेवढीच जपलेली साडी नेसली. भामरपाड्यात जीप थांबली तशी ती खाली उतरून म्हसोबाच्या देवळाकडं गेली, कारण दंगलीच्या माळावर बाया जात नाहीत, आणि लाउडस्पीकर देवळापर्यंत ऐकू येतो.

माळ गच्च भरला होता. नव्या निवेदकाचा आवाज कर्ण्यांतून छातीवर आदळत होता आणि दोन कुस्त्यांच्या मध्ये सिनेमाची गाणी वाजत होती. भूषणनं खूण केली. नवल आणि आणखी एकानं झुलालला दोन्हीकडून धरून आखाड्यात आणलं. तिथं आल्यावर त्यानं हात सोडवून घेतले, कसाबसा वाकला, चिमूटभर माती कपाळाला लावली. मग त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. आबांच्या हातात माईक आला. वर्षभर त्यांनी हे बोलणं मनात घोळवलं होतं.

‘‘मंडळी, गेल्या माघात या जागेवरून मी एक खोटं बोललो,’’ ते म्हणाले. ‘‘जाणूनबुजून नाही, पण बोललो. ज्याला गेला म्हणून सांगितलं, तो नरडाण्याचा नांगर तुमच्यासमोर बसला आहे. जिवंत आहे. झुलाल पहिलवान!’’

माळ हसला. दुष्टपणानं हसला असं नाही, यात्रेत माणूस जसा हसतो तसा. कोणीतरी शिट्टी मारली. मागून आवाज आला, ‘‘आबा, यंदा कोना नंबर शे?’’ आणि मग जो हशा पिकला तो आवरेना. मोबाइल वर झाले. काही म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या हशात विरून गेल्या. आबा पुढं बोलू लागले, शिरपूरची दंगल, इंदूरकडचा मल्ल, ती ढाक. शब्द तेच होते, आवाजही बरा लागला होता. पण जिवंत माणूस समोर खुर्चीत धापा टाकत बसलेला असताना ते शब्द कोणाला खरे वाटेनात. आबांनाही वाटेनात. ‘‘कुस्ती लावा!’’ अशी ओरड सुरू झाली. नव्या निवेदकानं नम्रपणे हात पुढं केला आणि आबांनी माईक त्याच्या हातात दिला.

त्यानं गाणं बंद करवलं. खिशातून कागद काढला आणि वर्षभरात गेलेल्या मल्लांची नावं वाचली. यातल्या एकालाही तो ओळखत नव्हता. ‘‘सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं,’’ तो म्हणाला.

अख्खा माळ उठला. टोप्या उतरल्या. क्षणापूर्वी शिट्ट्या मारणारी पोरं हात बांधून खाली बघत उभी राहिली. आखाड्याच्या मधोमध खुर्चीत बसलेला झुलाल एवढा एकच माणूस खाली होता. त्यानं खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकले आणि उठायला लागला. आबांनी त्याला धरलं, पण त्याचे पाय धरेनात. तो अर्धा उठला, परत बसला, आणि चारी बाजूंना उभ्या असलेल्या माणसांकडे मान वळवून वळवून बघत राहिला.

परतताना तानुबाई पुढच्या सीटवर होती. तिचा चेहरा उजळला होता. देवळात भामरपाड्याच्या बायांनी लाउडस्पीकरवर ते ऐकलं आणि तिला बोलावून हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. ती मागं वळून म्हणाली, ‘‘आबा, तुमी शबद पाळा. मना मनमा आते काय नई.’’ आणि चालत्या जीपमध्येच तिनं हात जोडले. आबांनीही जोडले. वर्षभर त्यांनी याच क्षणाची वाट पाहिली होती, आणि आता शेजारी बसलेल्या माणसाकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

झुलाल खिडकीबाहेर कपाशीची वाळलेली रानं बघत होता. नरडाण्याचा फाटा जवळ आला तेव्हा तो हलक्या आवाजात, बायकोला ऐकू जाणार नाही असा, म्हणाला, ‘‘अभिमन, दखं ना तू? गेल्या साले मनासाठे उठेल व्हतात. आज कोनी उठनं नई.’’

आबा पायांतल्या चपलांकडे बघत राहिले.

‘‘पुढला माघमा मी ऱ्हावाव नई,’’ झुलाल म्हणाला. त्यानं आबांचा हात हातात घेतला, त्या हातात अजून थोडा जोर होता. ‘‘तवय मन्हं नाव तूच लेजो. तो कागदवाला नको. गेल्या साले बोलना ना, तसंच बोलजो. लेशी ना?’’

पुढच्या वर्षी नाशिकचा निवेदक परत सांगितलाय, हे निघताना भूषणनंच आबांना सांगितलं होतं.

‘‘लिसू, नाना,’’ आबा म्हणाले.